चौथा म्हणून घेतलेला खडा

भुतं रात्रीच दिसतात, असं सांगणारा माणूस भेटला की मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

मी जे पाहिलं, ते सकाळच्या लख्ख उन्हात पाहिलं. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात. आणि तेव्हा आम्ही जमिनीवर नव्हतो...

आकाशात होतो.

खोटं वाटत असेल तर वडवणीला या. माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. अंगदचं दुकान म्हटलं की कुणीही दाखवेल. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, तीही बघून जा.

माझी थोरली बहीण वनमाला. मी तिला आक्का म्हणतो. तिचे यजमान मोहनराव, म्हणजे माझे दाजी. मोठे जमीनदार, वर राजकारणी. त्यांच्यासमोर गावात कुणी मोठ्यानं खोकायचं नाही. फक्त एकच माणूस त्यांना घाबरत नव्हता. त्यांची लेक, करिष्मा.

बारावी झाली आणि पोरीनं हट्ट धरला, वकिली शिकायची, तीही हैदराबादला. दाजींनी आधी दम दिला, मग स्थळं आणली. तिनं जेवणच सोडलं. शेवटी दाजी म्हणाले, "चल, कॉलेजं बघून येऊ. मला पटलं तर ठीक. न्हाई पटलं तर गुमान लग्न करायचं."

तिचं सगळं आयुष्य त्या एका दिवसावर येऊन ठेपलं होतं.

आणि कॉलेजं बघायला जायचं कसं? तर विमानानं! लोकांच्या पोरी लाल डब्यातून जातात. पण आमच्या दाजींचा थाट. सहा सीटांचं एक छोटं विमान भाड्यानं मागवलं. गावाबाहेर त्यांची स्वतःची धावपट्टी होती. निवडणुकीत मोठ्या पुढाऱ्यांना उतरवायला बांधलेली.

ती जमीन आधी आश्रुबाची होती.

"तुमचं विमान उतरवायला माझंच रान कावून?" असं तो भर पारावर दाजींना म्हणाला होता. त्याच उन्हाळ्यात तो स्वतःच्या बांधावर मरून पडलेला सापडला. दगडांनी ठेचलेला. चेहरा म्हणून काही उरलंच नव्हतं. त्याची बायको बायनाबाई हिनं त्याला कानातल्या बाळीवरून ओळखलं. मारणारा कधी सापडला नाही. बायनाबाई माहेरी निघून गेली आणि रान दाजींकडे आलं. त्या बांधाचे दगड धावपट्टीच्या टोकाला ढीग घालून ठेवले होते.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आमच्याकडे तिघं मिळून चांगल्या कामाला निघत नाहीत. निघावंच लागलं तर एक खडा उचलून सोबत घेतात. तो चौथा. पोहोचलं की त्याला खाली ठेवायचं, झालं.

दाजी, करिष्मा आणि मी विमानात चढणार, तेवढ्यात आक्का म्हणाली, "अगं बाई, तिघंच चालले की तुमी! खडा घ्या एक."

"पायलट हाय की चौथा," दाजी म्हणाले.

"ड्रायव्हर मोजीत न्हाईत."

पायलट बिचारा शहरातला माणूस. तो नुसता हसला.

दाजी चिडले. तरातरा ढिगाकडे गेले आणि मुठीत मावेल एवढा दगड उचलून आणला.

"हा घे तुझा चौथा! चल बे, तुला हैदराबाद दाखवतो."

आक्काचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, तिथला नगं... तिथला नगं!"

दाजींनी ऐकलं नाही.

दाजी पुढे बसले, पायलटच्या शेजारी. पुढारी माणूस, गाडीत पुढेच बसायची सवय. त्यांच्यासमोरही पायलटसारखाच विमान चालवायचा एक दांडा होता. "याला हात लावू नका," पायलटनं बजावलं. मधल्या दोन सीटांवर मी आणि करिष्मा. मागच्या दोन रिकाम्या. त्यातल्या एकीवर दाजींनी तो दगड भिरकावला.

विमान उडालं. खाली बालाघाटाचे उघडे डोंगर दिसायला लागले. करिष्मा खिडकीला नाक लावून बसली होती. इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती.

थोड्या वेळानं पायलटनं मागे वळून पाहिलं.

"मागे काही जड सामान ठेवलंय का?"

"धपाट्यांचा डबा हाय," मी म्हणालो.

"शेपटीला वजन येतंय. मागे कुणी माणूस बसावा तसं."

आम्ही हसलो.

आणि मागून आवाज आला...

टक्.

सीटचा पट्टा लावल्याचा.

मी वळून पाहिलं. दगड ठेवलेल्या सीटचा पट्टा बंद झाला होता. आणि तो सीटवर सैल पडलेला नव्हता. पुढे फुगून ताणलेला होता, कुणाच्या तरी पोटावर बसावा तसा.

सीट रिकामी होती.

दगडही नव्हता.

"मामा..." करिष्मा हळूच म्हणाली, "माझ्या मानेवर फुंकर कावून मारताय?"

मी काहीच करत नव्हतो. पण आता मलाही ऐकू येत होतं. इंजिनाच्या आवाजाखालून... ओला, घरघरता श्वास. नाकातोंडात रक्त साचलेला माणूस घेतो तसा.

मग दगड आला.

आमच्या दोघांच्या मधून, डोक्याच्या उंचीवरून. धरणारा हात दिसला नाही. तो दाजींच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बसला आणि नारळ फुटल्यासारखा आवाज झाला.

समोरच्या काचेवर रक्ताची चिळकांडी उडाली.

दाजी ओरडलेसुद्धा नाहीत. नवल वाटल्यासारखे मागे वळले. दुसरा घाव तोंडावर बसला. दात तुटून माझ्या मांडीवर पडले. दगड मागे जायचा आणि परत यायचा. घाई नव्हती. शेतात ढेकळं फोडावीत तसं चाललं होतं.

दाजी पुढे कोसळले, थेट त्या दांड्यावर.

विमानाचं नाक खाली गेलं. समोर आकाश दिसत होतं, तिथे आता नुसती जमीन दिसायला लागली.

"मागे ओढा त्यांना!" पायलट किंचाळला. "मरू सगळे! ओढा!"

मी दाजींची कॉलर धरून जीव खाऊन ओढलं. दगड माझ्या हातावर आला. बोटांची हाडं मोडल्याचं मला आधी ऐकू आलं, कळ नंतर आली. मी हात सोडला.

तेव्हा करिष्मानं पट्टा सोडला. ती पुढे झेपावली, बापाच्या गळ्यात हात घालून त्याला मागे खेचलं आणि त्याचं फुटलेलं डोकं स्वतःच्या छातीशी धरलं.

विमान हळूहळू सरळ व्हायला लागलं.

दगड वर उचलला गेला...

आणि पोरीच्या कपाळापासून वीतभर अंतरावर थांबला. हवेत. त्यावरून तिच्या बापाचं रक्त तिच्या भुवईवर टपकत होतं.



दाजींनी मोडका जबडा हलवला.

"आश्रुबा... पोरीला सोड. म्या केलं ते. पोरीनं न्हाई."

हे नाव विमानात तोवर कुणीही घेतलं नव्हतं.

करिष्मानं खाली वाकून बापाच्या तोंडाकडे पाहिलं. तिचे हात तसेच होते, पण त्यांतला जोर गेला.

दगड थोडा बाजूला सरकला. तिला वळसा घालून गेला. तिच्या केसालाही धक्का न लावता तो दाजींच्या कानशिलात बसला.

त्यानंतर घाव पडला नाही.

मागे टक् वाजलं. पट्टा सुटला. पायलट रडत होता, पण त्यानं विमान हैदराबादला उतरवलं. दाजी तोवर गेले होते.

चौकशी झाली. हवेच्या जोरदार धक्क्यानं डोकं आपटलं, असं ठरलं. पायलटनं तेच लिहून दिलं. खरं कोण लिहून देणार? सगळं विमान उलटंपालटं करून शोधलं, पण दगड मिळाला नाही.

दाजींचं दिवसपाणी आटोपल्यावर भावकी स्थळं घेऊन आली. आक्कानं सगळ्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

"पोरगी शिकंल," एवढंच म्हणाली.

करिष्माला हैदराबादला सोडायला आम्ही माझ्या गाडीनं निघालो. आक्का, करिष्मा आणि मी. तिघंच. मी आक्काकडे पाहिलं. तिनं खडा घ्यायला सांगितलं नाही.

मांजरसुंब्याला चहाला थांबलो. हॉटेलवाल्यानं चार कप आणले.

"तीनच पाहिजेत," मी म्हणालो.

"अन् गाडीत बसलेल्या बाबाला नगं का? डोक्याला लई लागलंय वाटतं त्यांच्या. दवाखान्यात चाललेत का?"

करिष्मानं वळून गाडीकडे पाहिलं.

आक्का उठली. चौथा कप घेऊन गाडीपाशी गेली. मागचं दार उघडून तिनं तो सीटवर ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

"घ्या, आश्रुबादादा. तुमचं तुमी वसूल केलं. माझ्या लेकीला काई करू नगा."

म्हणजे आक्काला माहीत होतं. पहिल्यापासून. मी तिला त्याबद्दल काही विचारलं नाही, आजही विचारत नाही.

निघताना कप रिकामा होता. सीट कोरडी होती.

करिष्माचा प्रवेश झाला, हॉस्टेल मिळालं. निरोप घेताना ती रडली नाही, आम्ही दोघं मात्र रडलो. येताना मुद्दाम त्याच हॉटेलात थांबलो. मागच्या सीटकडे बघायचं मी टाळत होतो. मनात एकच होतं, की त्यानं आमच्याबरोबर परत यावं. त्याचं जे काही देणं-घेणं असेल ते आमच्याकडेच राहू दे.

हॉटेलवाला चहा घेऊन आला.

दोनच कप.

आक्का त्या कपांकडे बघत राहिली. तिनं चहाला हात लावला नाही. मी करिष्माला फोन लावला.

"मी मजेत हाय मामा," ती म्हणाली. "रूम लई भारी हाय. आम्ही तिघी आहोत."

खडा पोहोचल्यावर खाली ठेवायचा असतो. जो सापडलाच नाही, तो खाली कसा ठेवायचा?

तेव्हापासून मी तिला रोज फोन करतो. ती हसते, कॉलेजातलं सांगते, अभ्यास चांगला चाललाय म्हणते. पण कधीकधी ती बोलायची थांबते, आणि तेवढ्यात तिच्या अगदी जवळून तो आवाज येतो...

ओला, घरघरता श्वास.

तो तिला ऐकू येतो का, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.