शून्य असलं तरी सांगायचं

जमिनीतून माणूस उगवताना मी पहिल्यांदा पाहिला तो बेसिंगस्टोकजवळच्या एका मेंढ्यांच्या कुरणात. २००६ सालचा एप्रिल, शनिवारची दुपार, आणि तो खास इंग्लंडचा पाऊस... पडतोय की नाही याचा छत्रीलाही पत्ता लागू नये असा. मी फिरायला निघाले होते आणि पायवाट चुकले होते. समोर गवतात एक हिरवं लोखंडी झाकण होतं. ते कुरकुरत उघडलं. आधी विस्कटलेले केस वर आले, मग चष्मा, मग खांद्यापर्यंत एक तरुण. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "नाही गं आई, मुद्दाम नाही. जमिनीखाली होतो, रेंज नव्हती."

मला हसू आवरलं नाही. त्याने वळून पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला.

"तुम्ही... मराठी?"

"मराठीच. पण मी जमिनीवर राहते."

त्याचं नाव यतीन. नाशिकचा, बेसिंगस्टोकच्या एका आयटी कंपनीत नोकरीला. मी चैत्राली, पुण्याची, प्रोजेक्टवर रीडिंगला आलेली आणि तिथे अर्चनावहिनींच्या घरात एका खोलीची भाडेकरू. ओळख झाल्यावर त्याने मला खाली नेलं. पंधरा फुटांची शिडी, एक दुमजली पलंग, टेबल, भिंतीवर काट्यांच्या तबकड्या. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसले होते तेव्हा इंग्लंडभर अशी शेकडो ठाणी खणली होती. बॉम्ब पडलाच तर गावातले तीन स्वयंसेवक खाली उतरणार, झाकण लावणार आणि वर किती विषारी धूळ पडतेय त्याचा आकडा दर पाच मिनिटांनी मुख्यालयाला कळवणार. पुढे सोव्हिएत रशियाच मोडला आणि ठाणी बंद पडली. हे ठाणं सायमन नावाचा जुना स्वयंसेवक आणि यतीन मिळून दुरुस्त करत होते.

"आणि आकडा शून्य आला तर?" मी विचारलं.

"शून्य असलं तरी सांगायचं. गप्प बसलं तर मुख्यालय समजणार, खाली कोणी जिवंत नाही."

पुढच्या शनिवारी मी परत गेले, आणि त्याच्या पुढच्याही. रंगाचा डबा धरायला कोणीतरी लागतं, असं मी वहिनींना सांगितलं. वहिनी फक्त "हो का" म्हणाल्या, पण ते 'हो का' चांगलं ऐसपैस होतं.

आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर दुसऱ्याच शनिवारी आलो आणि भांडायला तिसऱ्या. माझे बाबा बाहत्तरच्या दुष्काळात रेशनवरच्या अमेरिकन मिलो ज्वारीच्या भाकऱ्या खाऊन इंजिनिअर झालेले. ज्यांनी आपल्याला खायला घातलं त्यांच्या घरी मुलीने एकदा तरी राहून यावं, ही त्यांची आयुष्यभराची इच्छा. यतीनचे बाबा स्कॉलरशिपवर रशियात शिकलेले, परत येऊन रशियन यंत्रांच्या कागदपत्रांचं भाषांतर करणारे, मुलीचं नाव तान्या ठेवणारे. त्यामुळे मी उशिरा पोचले की तो म्हणायचा, अमेरिकेला वाटतं सगळं जग आपल्यासाठी थांबलंय. त्याने बिस्किटं एकट्याने संपवली की मी विचारायचे, तुमच्याकडे सगळं समान वाटून घेतात ना? सायमन आणि त्याची बायको एला छत्री धरून, एक शब्द न कळता, आमचं हे शीतयुद्ध मन लावून बघत बसायची.

एक गोष्ट मात्र यतीनने चेष्टेत सांगितली नाही. एक्याण्णवच्या डिसेंबरात टीव्हीवर सोव्हिएत रशियाचा झेंडा उतरताना त्याचे बाबा ताटावरून उठले होते. भाषांतराचं काम संपलं आणि पन्नाशीच्या माणसाने गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या. "तेव्हापासून मी कशावरही फार विसंबत नाही," तो ब्रश धुता धुता म्हणाला. मला त्याचा हात धरावासा वाटला. मी रंगाचा डबा घट्ट धरला.

मग जुलैत माझ्या कंपनीने विचारलं, न्यू जर्सीला जातेस का, तीन वर्षांसाठी? रीडिंगच्या क्लायंटला मी इथेच हवी होते, म्हणजे निवड माझ्या हातात होती. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. बाबांनी पुण्यात पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. आणि यतीन? तो म्हणाला, "जा. चांगली संधी आहे." ते त्याने फोनवर सांगितलं, मग ई-मेलमध्ये लिहिलं. मला राग आला. मला परवानगी नको होती, त्याचं मन हवं होतं.

नेमका आदल्याच दिवशी, रविवारी, ठाणं लोकांना दाखवायचा कार्यक्रम होता. मीच उत्साहाने अर्चनावहिनींसकट रीडिंगच्या महाराष्ट्र मंडळातली वीस माणसं बोलावून ठेवली होती. सायमनचे गुडघे आता शिडी उतरत नाहीत, म्हणून तो वर तंबूत मुख्यालय होऊन बसला, शेजारी जुना स्पीकर ठेवून. खाली यतीन आणि मी. मी आकडा वाचायचा, टेबलावरच्या बोलायच्या खोक्याचं बटण दाबून वर कळवायचा. पहिला आकडा शून्य. तो मी कळवला, आणि ऑफिसच्या कॉन्फरन्स कॉलवर म्यूट करतो तसं सवयीने बटण पुन्हा दाबलं. म्यूट करून मराठीत बोलायचं, हा आम्हा आयटीवाल्यांचा जुनाच धर्म.

"उद्या मला उत्तर द्यायचंय," मी म्हणाले.

"माहितीय. जा ना. चांगली..."

"संधी आहे. तिसऱ्यांदा झालं. यतीन, चार महिने मी या बिळात उतरतेय. तुझ्याकडून एक आकडा आला नाही. शून्य असलं तरी सांगायचं असतं, तूच म्हणाला होतास ना?"

त्याने तबकडीवरची धूळ बोटाने पुसली. वरून मेंढ्यांचा आवाज येत होता.

"शून्य नाहीये," तो म्हणाला.

मी मागे हटणाऱ्यातली नाही. "मग किती?"

"मोजायचं सोडलंय. चैत्राली, तू पहिल्या दिवशी हसलीस ना... तेव्हाच काटा पार टोकाला गेला. पण मी तुला थांब कसं म्हणू? बाबा एका गोष्टीवर विसंबले आणि एका संध्याकाळी ती जगातच उरली नाही."

"मी काय सोव्हिएत युनियन आहे, एका संध्याकाळी विरघळायला?" मी म्हणाले. "थांबायचं की जायचं ते मी ठरवेन. पण तुला काय हवंय ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. मला तू आवडतोस. हा माझा आकडा. आता तुझा सांग."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझा हात धरला... रंगाने खरखरीत झालेल्या बोटांनी, अगदी नीट.

"थांब," तो म्हणाला. "मला तू हवी आहेस. इथे, शनिवारी, रोज... सगळ्या दिवशी."

मी तोंड उघडणार, तोच खोकं खरखरलं. त्यातून अर्चनावहिनींचा आवाज आला, अगदी शांत. "चैत्राली, बटण उघडं आहे गं. आम्ही सगळे ऐकतोय. तू उत्तर दे, इथे चहा गार होतोय."

दुसऱ्यांदा दाबलेलं ते जुनं बटण बंद झालंच नव्हतं. यतीन खाली बसला. मी मात्र खोकं जवळ ओढलं. जे बोलायचं ते चारचौघांत बोलायला मला लाज नव्हती.

"मुख्यालय," मी म्हणाले, "मी थांबतेय."

वर टाळ्या वाजल्या. शिडी चढून आलो तेव्हा वहिनी सायमन आणि एलाला सगळं इंग्रजीत समजावून सांगत होत्या, पदरचं थोडं घालून. एलाने सगळं ऐकून घेतलं. मग तिने सांगितलं की बासष्टच्या ऑक्टोबरात, क्युबावरून युद्ध पेटणार असं वाटत होतं त्या आठवड्यात, सायमनचे बूट दाराशी तयार होते. लग्नाला तीन महिने झाले होते. तिने विचारलं होतं, "आणि मी?" नियम असा की खाली तिघेच, घरचे वर. तो काही बोलला नव्हता. बोलावणं आलं नाही, युद्ध झालं नाही, आणि तिनेही पुन्हा विचारलं नाही.

सायमनने हातातला चहाचा कप टेबलावर ठेवला. मग उठला, झाकणापर्यंत लंगडत गेला, गुडघ्यांना न जुमानता शिडीच्या पहिल्या दांडीवर उतरला, आणि एलाकडे हात करून म्हणाला, "चल."

तो खाली उतरला आणि यतीनने नि मी दोन्ही बाजूंनी धरून तिला त्याच्यामागे शिडीवर सोडलं. झाकण आम्ही लावलं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. स्पीकरमधून आकडा काही आला नाही, आणि तो कोणी मागितलाही नाही.