बातमीचं वजन

चाकणच्या प्रयोगशाळेत डॉ. उल्का देवस्थळी एका विद्युतघटात खिळा घुसवून तो पेट घेतो का ते पाहत होत्या. घट पेटला नाही. समोरच्या पडद्यावर मात्र त्यांनीच घडवलेली ‘झुळूक’ ही विजेची गाडी सकाळपासून पेटत होती. एकच गाडी, एकच चित्रफीत, सात वाहिन्या आणि खाली लाल पट्टी, ‘तुमच्या दारात बॉम्ब?’ ती गाडी कडब्याच्या पेटत्या गंजीला खेटून उभी होती, हे सांगण्याची तसदी एकाही शहाण्याने घेतली नव्हती.

उल्काबाईंचं डोकं फिरलं. त्यांनी संख्याशास्त्रज्ञ अन्वर मुल्लांना बोलावून घेतलं आणि दोघांनी वर्षभराच्या बातम्या चाळल्या. दर लाख गाड्यांमागे पेट्रोलच्या गाड्या विजेच्या गाड्यांच्या वीसपट जळत होत्या, आणि बातम्यांचं प्रमाण नेमकं उलटं. पेट्रोलची गाडी जळाली की आतल्या पानावर चार ओळी, विजेची जळाली की दिवसभर तमाशा.

“बातमीला वजन द्यायचं,” मुल्ला म्हणाले. “घटना जगात जितक्या वेळा घडते, तितकीच जागा तिला मिळेल. देशात विजेच्या गाड्या किती, त्यातल्या जळाल्या किती, ते यंत्रच भागून काढेल.”

“आणि त्यात कुणालाही बोट घालता येणार नाही,” उल्काबाई म्हणाल्या. “कायद्यातच तसं कलम घालायचं.”

अशी वार्तातुला, म्हणजे बातम्या तोलणारं यंत्र, जन्माला आली. उल्काबाई दोन वर्षं समित्यांपुढे भांडल्या, संपादकांना तोंडावर खोटारडे म्हणाल्या, आणि शेवटी कायदा करूनच थांबल्या. छापील असो की पडद्यावरची, प्रत्येक बातमी आता तुलेतून जाऊ लागली. बोंबाबोंब बंद झाली, लोकांचा बातम्यांवर विश्वास बसला आणि झुळूक दारोदारी दिसू लागली.

कायद्यानंतरच्या चौथ्या उन्हाळ्यात परभणीचे वार्ताहर लिंबाजी खंदारे प्रयोगशाळेत येऊन थडकले. वीस दिवसांत त्यांच्या जिल्ह्यात तीन झुळूक जळाल्या होत्या. तिन्ही भर दुपारी, घरासमोर चार्जिंगला लावलेल्या. दुसऱ्या गाडीबरोबर घर पेटलं आणि शाळेतल्या एक बाई गेल्या. खंदाऱ्यांनी तिन्ही बातम्या धाडल्या, आणि तुलेने तिन्ही ‘वजन नगण्य’ म्हणून परत पाठवल्या. खंदारे जुन्या वळणाचे. जळक्या सांगाड्यांवरचे क्रमांक त्यांनी स्वतः घासून, पुसून वहीत उतरवले होते.

“म्याडम, तिन्ही गाड्या एकाच खेपेतल्या हायेत,” ते म्हणाले. “मशीन म्हणतंय, देशात दोन कोटी गाड्या, त्यात तीन जळाल्या, मग ही बातमी कशाची? त्या बाईंच्या लेकराला मी काय सांगू?”

उल्काबाईंनी त्याच खेपेतला राखून ठेवलेला घट काढला आणि परभणीच्या दुपारइतका तापवून चार्जिंगला लावला. चाळीस मिनिटांत त्याने पेट घेतला. घटाचे दोन ध्रुव वेगळे ठेवणारा आतला पातळ पडदा कच्चा होता. खेपेत अकरा हजार गाड्या होत्या.

त्या तशाच कंपनीच्या संचालकांकडे गेल्या. तुलेत काही आलेलं नाही, मग आपण होऊन घबराट कशाला पसरवायची, असं म्हणून संचालकांनी त्यांना चहा विचारला. उल्काबाई चहा न घेता निघाल्या. परत येऊन त्यांनी स्वतःच्या नावाने बातमी लिहिली आणि तुलेत टाकली. क्षणात उत्तर आलं, ‘वजन नगण्य. पहिल्या पानासाठी अशा आणखी ४१२ घटना आवश्यक.’

उल्काबाईंनी बोलावून घेतलेल्या मुल्लांनी तो आकडा कागदावर उलटा मांडून पाहिला. “आपण देशातल्या सगळ्या गाड्यांनी भागलं,” ते म्हणाले. “त्या एका खेपेने भागायला हवं होतं. नवा धोका सुरुवातीला तुरळकच असतो, हे मला, संख्याशास्त्रज्ञाला सुचू नये?”

“मग बदला ना ते.”

“कसं बदलू? कुणालाही बोट घालता येत नाही, बाई.”

उल्काबाईंना कुणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटली. पण मारायला आता कुणी संपादकही उरला नव्हता. त्यांनी विक्री विभागातून अकरा हजार मालकांची यादी जवळजवळ हिसकावून आणली, निम्मी खंदाऱ्यांपुढे टाकली आणि फोन लावायला घेतले.

पहिला फोन पाथरीच्या एका किराणा दुकानदाराला लागला. उल्काबाईंनी आपलं नाव, काम, सगळं सांगितलं. गाडी ताबडतोब चार्जिंगवरून काढा, घरापासून लांब उभी करा, असं दोनदा बजावलं. त्यांचा आवाज चढला होता. त्या माणसाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. गाडी ओसरीलाच चार्जिंगला लावली आहे आणि आत नातवंडं झोपली आहेत, हेही त्याने सांगितलं.

“पण बाई, मी रोज बातम्या बघतो,” तो समजुतीच्या स्वरात म्हणाला. “पहिल्यासारख्या खोट्या राहिल्या न्हाईत आता. असं काही असतं, तर बातम्यांत आलं असतं की.”

आणि त्याने फोन ठेवला.