पंचमीचं दूध

आधी मला वाटलं, एअरकॉनमधून शिट्टी वाजतेय. शनिवारची सकाळ होती. मी किचनच्या खिडकीबाहेर बांबूंवर कपडे वाळत घालत होते आणि अनिमेषच्या खोलीतून तो आवाज येत होता. बारीक, ओलसर, थांबून थांबून. सिंगापुरातला, क्लेमेंटीतला हा फ्लॅट माझ्या नावावर भाड्यानं घेतलाय, म्हणजे काही बिघडलं की मालकिणीची बोलणी मीच खाणार. तणतणत आत गेले.

एअरकॉन बंद होता. आवाज कपाटामागून येत होता.

कपाटामागे प्लॅस्टिकचा मोठा डबा, आणि डब्यात साप. मनगटाएवढा जाड, तपकिरी, अंगावर फिकट चट्टे. मान सरळ वर ताणलेली, तोंड अर्धवट उघडं, नाकपुडीशी फेसाचा बुडबुडा. श्वास सोडला की बुडबुडा फुगायचा आणि ती शिट्टी वाजायची.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अन्या!"

हा माझा धाकटा भाऊ. युनिव्हर्सिटीत रिसर्च करतो, स्वतःला फार हुशार समजतो. टॉवेल गुंडाळून धावत आला.

"ताई, हळू बोल ना. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! इथे साप पाळणं गुन्हा आहे, कळतं का तुला? तुझा इथे राहायचा पास जाईल आणि सोबत माझीही वरात निघेल!"

"बॉल पायथन आहे गं, विषारी नाही. पण आजारी आहे. फुप्फुसात इन्फेक्शन झालंय, आणि व्हेटकडे नेता येत नाही."

"झालं कसं?"

त्यानं दाराकडे बघितलं. दारात आई उभी होती, कणकेच्या हातांनी. पुण्याहून आमच्याकडे राहायला आली होती.

"मी दूध पाजलं," ती म्हणाली. "पंचमी होती. घरात साक्षात नागोबा असताना कागदावरच्या चित्राला नैवेद्य दाखवू?"

"आई, नाग कुठला, आफ्रिकेतला अजगर आहे तो! आणि साप दूध पीत नाहीत, हे शाळेतली पोरंही सांगतील," मी म्हटलं.

"पीत नव्हताच. मग ड्रॉपरनं घातलं."

म्हणजे मातोश्रींना सगळं ठाऊक होतं! पंचमीच्या आदल्या दिवशी तिनं मला भावाचा उपास धरायला लावला. मी ऑफिसात ऑडिटच्या धबडग्यात साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढला, आणि इकडे या मायलेकांचं हे चाललेलं.

"तुझ्या नावानं पाजलं हो," आई वर म्हणाली. "म्हटलं, ऋचाचा भाऊ तू, सुखरूप राहा."

पंचमीला सापाला भाऊ मानायची आमच्याकडे पद्धत आहे. पद्धत म्हणे! घशात दूध ओतून भावाला गुदमरवायची कुठली आलीये पद्धत?

आठवड्याभरात हे ध्यान घराबाहेर गेलं पाहिजे, असं मी बजावलं. अन्यानं डब्याखाली गरम चटई घातली, कुठूनसा नेब्युलायझर पैदा केला, सलाइनची वाफ दिली. खोलीत आंबलेल्या दुधाचा वास येत होता, तो काही जाईना.

मग अन्या खोकायला लागला.

मी म्हटलं, बरं झालं, सापाच्या उशाशी बसा अजून. पण त्याला आडवं पडवेना. सोफ्यावर बसून, मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपायचा. श्वास सोडताना छातीत बारीक शिट्टी. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दमा असेल, ॲलर्जी असेल, एवढ्या दमट हवेत काय वाटेल ते होतं माणसाला.

क्लिनिकमधल्या डॉक्टरनं एक्स-रे लावला आणि बराच वेळ बघत राहिला.

"लेफ्ट लंग सो स्मॉल. सिन्स यंग लाइक दॅट, आह?"

"शक्यच नाही," मी इंग्रजीत ठणकावलं. अन्या शाळेपासून पोहायच्या स्पर्धा मारत आलाय. पासासाठी काढलेला एक्स-रेही स्वच्छ होता. डॉक्टरनं खांदे उडवले आणि मोठ्या हॉस्पिटलला जायला सांगितलं.

बसमध्ये अन्या खिडकीतून बाहेर बघत हळूच म्हणाला, "ताई, अजगराचं डावं फुप्फुस लहानच असतं."

"गप्प बस," मी म्हटलं. माझे हात गार पडले होते, त्याचा मला आणखी राग आला.

रविवारी दुपारी मी पॅसेजमध्ये उभी होते. डावीकडे खोलीत साप, उजवीकडे हॉलमध्ये अन्या. दोन शिट्ट्या. नीट कान दिला तेव्हा कळलं, दोन्ही एकदम वाजतायत. एकदम थांबतायत.

मी खोलीत जाऊन डब्यावर चापट मारली. साप दचकून गप्प झाला.

हॉलमध्येही गप्प.

मग दोन्हीकडून पुन्हा सुरू.

बस्स झालं! डबा उचलला. इमारतीखाली सापडला म्हणून सरकारी लोकांना फोन करायचा, अन्याचं नाव येऊ द्यायचं नाही, एवढं ठरवूनच उचलला.

आई आडवी आली. "नको गं हलवूस त्याला. मी त्याला तुझा भाऊ म्हटलंय."

"मग आता नाही म्हण!"

"असं नसतं गं ते."

"नसतं? बघच तू." मी झाकण काढलं. सापाची मान माझ्याकडे वळली. माझ्या भावाचा जीव जात होता, आणि हे जनावर आणि ही बाई! "ऐक रे. तू माझा भाऊ नाहीस. कोणी नाहीस. चालता हो!"

बुडबुडा फुगला.

फुटला.

पुन्हा फुगला नाही. मान सावकाश खाली आली.

हॉलमध्ये शांत झालं.

"अन्या!" डबा तिथेच टाकून मी धावले.

तो सोफ्यावर ताठ बसला होता. चेहऱ्यावर तरतरी होती. "ओरडतेस काय? बरं वाटतंय मला. एकदम मोकळं."

आईनं हात जोडले. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. नंतर साप वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या चूटमध्ये टाकला. एवढा जीव लावलेला होता, पण अन्यानं विचारलंसुद्धा नाही.

मी चहा केला. त्याला थंडी वाजत होती म्हणून पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. आई देवापाशी बसली होती. अन्या समोर बसून कप ओठांशी धरून बोलायला लागला. उद्यापासून लॅबला जातो म्हणाला, सुपरव्हायझर खवळला असेल म्हणाला, हसला.

कपातून वाफ येत होती. त्याच्या तोंडासमोरून सरळ रेघेत वर जात होती. तो बोलत होता, हसत होता, आणि त्याच्या श्वासानं ती जराही हलत नव्हती.