बिनआवाजी धडे

ताईचे धडे दोन-दोन मिनिटांचे होते आणि तिला त्यांचा भारी अभिमान होता. बेकरीतल्या माणसांनी चहा पिता पिता, आपल्या सवडीनं, फोनवर काम शिकावं म्हणून ते बनवलेले. बोटं पिठानं माखलेली असतात, म्हणून बटण एकच, चांगलं बिस्किटाएवढं: ‘पुढे’. यंत्रांच्या घरघरीत काही ऐकू येत नाही, म्हणून आवाज मुळीच नाही. नुसती चित्रं आणि ठळक अक्षरं. धाकटा भाऊ याच बेकरीत नुकताच लागला होता. धांदरट नंबर एक! त्याची बोटं शाबूत राहावीत म्हणून तिनं डोळ्यांत तेल घालून एकेक चित्र काढलं होतं.

आठवड्यानं ती धड्यांची विचारपूस करायला गेली.

“झकास!” भट्टीवरचे काका म्हणाले. “आणि तुमचा आवाज काय गोड हो!”

“काका, आवाज नाहीये त्यात.”

“लाजता काय? हात चुकायच्या आधी ‘थांब’ म्हणता. मग जरा वेळानं हसता आणि म्हणता, ‘हं, पुढे.’”

कणीक मळणाऱ्या मावशींनी मान डोलावली. “ते हसणं ऐकल्याशिवाय आम्ही जागचे हलत नाही.”

सगळे मिळून आपली फिरकी घेताहेत हे ओळखून ताई खळखळून हसली.

“हेच!” मावशी म्हणाल्या. “हेच ते हसणं!”

तेवढ्यात धाकटा धावत आला. कणीक मळायच्या यंत्रात गोळा अडकला होता. यंत्र बंद आहे असं समजून तो हात घालणार, तोच कानाशी “थांब” आलं. तो थांबला आणि यंत्र आपोआप गरकन फिरलं.

“फिरायचं थांबलं, तेव्हा तू हसलीस, ताई.”

“फोन कुठे होता तुझा?”

“कपाटात. यंत्रांपाशी न्यायला बंदी आहे ना!”

ताईनं त्याची पाचही बोटं चाचपून पाहिली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. आवाज कुठूनही येईना का, म्हणत तिनं त्याला एक धपाटा घातला.

संध्याकाळी दोघं चेष्टामस्करी करत घरी निघाले. धाकटा वाटभर तिची नक्कल करत होता. कुलूप त्यानंच काढलं आणि शीळ घालत अंधारात दिव्याचं बटण शोधायला आत गेला. ताई उंबरा ओलांडणार,

“थांब.”

आवाज तिचाच होता. तिचे ओठ मात्र मिटलेले होते.

पाय उंबऱ्याशीच राहिला. आतली शीळ मध्येच तुटली.

ती हसण्याची वाट पाहत उभी राहिली.

बराच वेळ गेला.

“ताई,” आतून धाकटा हळूच म्हणाला, “हस ना.”