रिकाम्या गाडीचं वजन

"जे नाही त्याचे जास्त पैसे मोजायचे, असा जगात आमचा एकच धंदा," असं दादा नेहमी म्हणायचे.

दादा जुन्या गाड्यांची पारख करत. एखादी गाडी विकायला निघाली की घेणारा आधी दादांना सोबत नेई. सगळ्यात जास्त डोकं खायच्या त्या हलक्या गाड्या. एकाच कारखान्यातल्या, एकाच वर्षातल्या दोन स्पोर्ट्स कार, शेजारी शेजारी उभ्या केल्या तर ओळखू येऊ नयेत अशा. एकीत पायाखाली गालिचा, हीटर, रेडिओ, खिडक्यांना काचा, दार लावलं की कसा भारदस्त आवाज. दुसरीत यातलं काहीच नाही. शर्यतीसाठी मोजक्याच बनवलेल्या, म्हणून अंग अ‍ॅल्युमिनियमचं, तेही अंगठ्याने दाबलं तर आत जाईल इतकं पातळ. खिडक्यांना प्लास्टिक. दार उघडायला चामड्याचा पट्टा. वजन घटवायला पेडलांनाही भोकं पाडलेली. पहिली एखाद्या नव्या गाडीच्या पैशात मिळते. दुसरीच्या किमतीत घर येतं.

"भोकांचे पैसे," असं म्हणून दादा हसायचे आणि आपली फी खिशात घालायचे. हा विनोद एक दिवस आपल्याच घरात येऊन बसेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

दादांच्या धाकट्या भावाला सगळे बाळ म्हणत. पन्नाशी उलटली, केस विरळ झाले, तरी बाळच. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. ती शिवणकाम करायची. त्यांच्या लहानशा घरातली पुढची खोली तिचीच होती, मशीन, कापडाचे तुकडे, भिंतीला टेकलेला उंच आरसा. ती गेल्यावर बाळ त्या खोलीतून इकडची काडी तिकडे करू देईना आणि स्वतःही त्या घरात टिकेना. संध्याकाळ झाली की दादांकडे यायचा आणि दिवाणखान्यातल्या जुन्या सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसायचा. त्या कोपऱ्यातली स्प्रिंग कधीची सैल झालेली. कोणी टेकलं रे टेकलं की कुरकुरायची. बाळ बसायचा, स्प्रिंग वाजायची, आणि मग जेवायची हाक येईपर्यंत घरात दुसरा आवाज नसायचा. तो गेल्यावर वहिनी, म्हणजे दादांची बायको, दबलेली उशी थोपटून फुगवायच्या. "किती हे ओझं माणसाचं," असं त्या म्हणायच्या, आणि त्यांचे डोळे भरून यायचे.

तोच बाळ एका संध्याकाळी हसत आला.

"दादा, एक गाडी बघितली."

"बघायला पैसे पडत नाहीत."

"चालवलीसुद्धा. हलकी आहे. खरी हलकी." किंमत सांगताना त्याने मान खाली घातली. "घराला गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. तू एकदा हो म्हण, की सही करतो."

वहिनींच्या हातातला पेला तसाच राहिला. घर विकायचं म्हणजे ती पुढची खोली विकायची. ज्या खोलीतली सुई कोणाला हलवू देत नव्हता ती हा माणूस चार चाकांसाठी देऊन टाकणार होता, आणि वर हसत होता. दादांना राग आला आणि त्याच वेळी बरंही वाटलं, कारण बाळचं हसू त्यांनी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. नाही म्हणावं तर ते हसू जाणार, हो म्हणावं तर घर. "आधी वजन करू," ते म्हणाले. अडचणीत सापडले की ते हेच म्हणत.

गाडी गावाबाहेरच्या एका जुन्या गोदामात होती. सकाळची वेळ, वरच्या तावदानातून ऊन आलेलं, सिमेंटची स्वच्छ झाडलेली जमीन. मालकीणबाई चाळिशीच्या, हात स्वेटरच्या खिशात. गाडी त्यांच्या वडिलांची होती. ते एके काळी शर्यतीत उतरत.

दादांनी नेहमीप्रमाणे तोंड मिटून काम सुरू केलं. पत्र्याला लोहचुंबक लावला, तो चिकटला नाही. पेडलच्या भोकांच्या कडा बोटाने चाचपल्या. जुन्या हाताचं काम. नकली हलक्या गाड्या त्यांनी ढिगाने पाहिल्या होत्या. साधी गाडी सोलून काढायची आणि घराच्या भावात विकायची, ही लबाडी त्यांना कोसावरून कळे. ही तशी नव्हती. फक्त चालकाच्या आसनापाशी ते थबकले. चामडं नव्यासारखं ताठ होतं. इतक्या वर्षांच्या गाडीत बसण्याचा खळगा पडतोच.

"हे आसन बदललंय का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "बाबा रोज बसायचे त्यावर. शेवटी शेवटी चालवायचे नाहीत, नुसतेच बसायचे. जेवायला बोलवावं लागायचं."

"आणि तुम्ही?"

"मी कधीच नाही. आई बसू देत नसे. बाबा गेले तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. दोघींनी सहज उचललं त्यांना. तेव्हा वाटलं, आजारपणाने असेल."

दादांनी चार चपटे वजनकाटे काढले. एकेका चाकाखाली एकेक काटा सरकवायचा. वायरी एका डबीला जोडल्या की तिच्यावर एकूण आकडा दिसतो. दादांची एक पद्धत होती, आणि त्यावरून धंद्यातले लोक त्यांची थट्टा करत. ते आधी स्वतःचं वजन करत, त्याच काट्यावर उभं राहून. मग गाडीत बसून गाडीचं वजन करत आणि त्यातून स्वतःचं वजा करत. शर्यतीची गाडी रिकामी कधी पळते का, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी त्यांनी बाळलाही काट्यावर उभं केलं.

"वाढलोय का रे?"

"वहिनीच्या हातचं खातोस. वाढशील नाही तर काय!"

मग गाडी काट्यांवर चढवली आणि दादा आत बसले.

बसल्याबरोबर त्यांचा गुडघा दुखायचा थांबला. तो कित्येक वर्षं दुखत होता, इतका की दुखतोय हेच ते विसरले होते. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं, ती काळजी सकाळपासून मनात घोळत होती. तीही कुठे गेली कळलं नाही. समोर स्टिअरिंगचं लहानसं चाक, पलीकडे ऊन. फार छान वाटत होतं. बाळ काहीतरी विचारत होता.

"दादा! आकडा लिहून घेऊ ना?"

"कसला आकडा?" दादा म्हणाले.

ते बाहेर आले. गुडघा ठणकला. काळजीही परत आली, पण ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं, हे आठवायला त्यांना जरा थांबावं लागलं.

आकड्यातून त्यांनी आपलं वजन वजा केलं. उत्तर अशक्य होतं. इतकी हलकी गाडी कारखान्याने कधी बनवलीच नव्हती. काहीतरी चुकलं म्हणून त्यांनी डबीकडे पाहिलं. गाडी आता रिकामी होती, आणि आकडा तोच होता.

त्यांनी वायरी काढून परत जोडल्या. डबीची बॅटरी बदलली. हत्यारांची पेटी आसनावर ठेवली. आकडा पेटीइतका वाढला. पेटी काढली, उतरला. काटे ठणठणीत होते.

"बाळ, बस बरं."

बाळ आनंदाने बसला. आकडा हलला नाही.

रिकाम्या गाडीचं वजन कारखान्याने सांगितलं होतं तंतोतंत तेवढंच होतं. गाडी अस्सल होती. दादांनी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात अस्सल. धंद्याच्या हिशेबाने मागितलेली किंमत योग्य होती, थोडी कमीच म्हणायला हवी. माणूस बसला तरी वजन वाढत नाही, अशा गाडीचे शर्यतवाल्यांनी किती दिले असते!

मालकीणबाई भिंतीशी उभ्या राहून सगळं पाहत होत्या. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

बाळ एक फेरी मारून आला. गाल लाल झाले होते, लहानपणी पतंग काटून आला की व्हायचे तसे. दादा खिडकीशी वाकले.

"काय वाटतं रे आत?"

"काही वाटत नाही, दादा. तेच तर." बाळने चाकावरून हात फिरवला. "ती नाहीये, हे लागत नाही."

"आणि ती होती, हे?"

बाळने विचार केला. मनापासून केला, कपाळावर आठ्या पडल्या. मग त्या गेल्या.

"तेही नाही फारसं," तो म्हणाला आणि हसला.

दादांनी त्याला परत काट्यावर उभं केलं. मघापेक्षा वजन कमी भरलं. फार नाही, डबाभर जेवणाइतकं. मग ते स्वतः उभे राहिले. तेही कमी भरले.

दादांना आपल्या भावजयीची आठवण आली, तोंडात टाचण्या धरून मान वर न करता बोलणारी, आणि ती आठवण आपल्याकडे आहे याचा त्यांना फार दिलासा वाटला. त्यांनी पाहिलेल्या गाड्यांवर लोकांनी डोळे मिटून पैसे लावले होते, कारण दादा खोटं बोलत नाहीत. आता ते बोलले.

"नकली आहे."

"काय?"

"साधी गाडी आहे. कोणीतरी नंतर सोलून काढलीय. काम सुरेख केलंय, मान्य. पण घर विकावं अशी नाही ही, बाळ."

बाळने एकदाही उलट विचारलं नाही. दादांच्या शब्दावर शंका घेणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. मालकीणबाई मात्र दादांकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांच्या वडिलांनी जिवापाड जपलेल्या गाडीला हा माणूस नकली म्हणत होता, आणि त्या चिडल्या नाहीत.

"तुम्ही म्हणता तर असेल," त्या म्हणाल्या. "मग साध्या गाडीच्या किमतीत घेऊन जा. आजच नेलीत तर बरं."

आयुष्यभर दादांच्या एका वाक्यावर भाव चढले आणि पडले, आणि नेमकी ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. नकली म्हटल्याने गाडी वाईट ठरली नव्हती. स्वस्त झाली होती.

"दादा, घर वाचलं की रे!" बाळने त्यांना मिठी मारली. "आणि नकली का असेना, मला कुठे शर्यत लावायचीय?"

आता खरं सांगायचं तर काय सांगायचं, आणि कोणत्या तोंडाने?

घर राहिलं. बाळ रोज गाडी काढायचा. त्याच्यावर लक्ष ठेवायचं म्हणून दादा रविवारी त्याच्यासोबत जाऊ लागले. एकट्याला पाठवणं जिवावर यायचं. बाळ आग्रहाने त्यांना चालकाच्या जागी बसवी. पहिल्यांदा ते नाही म्हणाले. नंतर नंतर नाही म्हणायचंच राहिलं.

वहिनींचं ऑपरेशन झालं. त्यांना आता स्वच्छ दिसत होतं.

एका संध्याकाळी बाळ शिवणाचं मशीन घेऊन आला. लोखंडी पायांचं, दोघांनी धरायचं मशीन. ते त्याने कडेवर मूल आणावं तसं आणलं, धाप न लागता.

"भाऊजी, हे कशाला आणलंत?" वहिनींनी घाबरून विचारलं.

"असू दे तुमच्याकडे, वहिनी. आमच्याकडे कोण शिवतंय?"

वहिनींनी दादांकडे पाहिलं. दादा मशीनच्या चाकाशी चाळा करत होते. छान फिरत होतं.

बाळ सोफ्याच्या त्याच कोपऱ्यात बसला, गप्पा मारल्या, दोनदा खळखळून हसला, निघून गेला. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही गेला. वहिनी सवयीने उशी थोपटायला वाकल्या आणि थांबल्या. उशी फुगलेलीच होती. सकाळी त्यांनी ठेवली होती तशी.

"आज स्प्रिंग वाजली नाही," त्या म्हणाल्या.

"सैल झाली असेल."

वहिनींनी कोपऱ्यावर तळहात टेकवला. स्प्रिंग लगेच कुरकुरली. त्यांनी हात काढला. मग बराच वेळ, नव्याने दिसायला लागलेल्या डोळ्यांनी, त्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या. त्याच्या सैल झालेल्या पट्ट्याकडे, आणि पायांकडे.

"तुमचा गुडघा हल्ली दुखत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही. बरं आहे आता."

"बसा बरं इथे. जरा बसा."

दादा हसले आणि येऊन बसले. वहिनी उशी छातीशी घट्ट धरून स्प्रिंग वाजायची वाट पाहत उभ्या राहिल्या.