काटा हलला नाही

विमानतळ म्हणजे तेव्हा एक गवताळ माळ, पत्र्याची शेड आणि शेडमध्ये मी. माझं काम वजनं करायचं. सामानाची वेगळा माणूस करी, मी प्रवाशांची. विमानं लहान, डझनभर माणसं घेऊन उडताना त्यांच्या नाकी नऊ येत. म्हणून प्रत्येकाला कपड्याबुटांसकट काट्यावर उभं करायचं, आकडा यादीत लिहायचा आणि बेरीज वैमानिकाच्या हाती द्यायची. बेरीज जास्त झाली, की ज्याचं तिकीट शेवटचं तो खाली राहणार. जाड बायका माझ्याकडे अशा बघत, जणू ते वजन मीच त्यांच्या अंगावर चढवलंय. पण माझा आकडा पाव किलोनंही चुकत नसे, हे मी छातीठोकपणे सांगतो. एक दिवस सोडून.

त्या सकाळी अकरावं, शेवटचं तिकीट माझ्या धाकट्या बहिणीचं होतं. तिला आम्ही बारकी म्हणायचो. परगावच्या इस्पितळात तिला नर्सची नोकरी लागली होती, दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं. वडील गेल्यावर घरात आई आणि आम्ही दोघं; मीच तिला शिकवलेली. ती जाणार म्हणून आठवडाभर माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

दहा जणांची वजनं झाली. सगळी नेहमीसारखी. मग बारकी चढली, आणि काटा हलला नाही.

"बघ दादा, उपाशी राहिलास तू आणि वजन माझं गेलं," ती हसली.

मी तिला उतरवलं. वीस किलोचं वजन ठेवलं, काटा वीसवर गेला. स्वतः चढलो, बासष्ट. तिला पुन्हा चढवलं. शून्य. तिचे दोन्ही पाय फळीवर नीट टेकलेले मी वाकून पाहिले.

असल्या अपशकुनांवर माझा काडीचाही विश्वास नाही. तरी मी खाली बसलो आणि त्या दहाही जणांच्या आकड्यांत चार-चार किलो वाढवले.

"बेरीज जास्त होतेय," वैमानिकाला म्हणालो. "शेवटचं तिकीट राहील." त्यानं बेरीज पाहिली, मान डोलावली. मी बारकीच्या नावावर रेघ मारली.

तिला लगेच कळलं. "दादा, हे तू मुद्दाम करतोयस."

"परवाच्या विमानानं जा."

"परवा तिथे दुसरी कोणी असेल."

ती शेडच्या दाराशी ट्रंकेवर जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून.

विमान माळाच्या टोकापर्यंत धावलं, उडालं, झाडांच्या वर गेलं. मग त्याचा डावा पंख हळूच खाली झुकला. आवाज आमच्यापर्यंत पोचला तेव्हा धूर दिसायला लागला होता. सगळे तिकडे धावले. मी दाराशी धावलो. बारकी तिथेच होती. तिचा हात धरून मी लहान मुलासारखा रडलो. हात गरम होता. त्या दहा जणांचा विचार मला तेव्हा शिवलाही नाही, हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी चौकशीच्या साहेबांनी मला गावातल्या इस्पितळाच्या तळघरात बोलावलं.

"तुमच्या यादीत दहा प्रवासी," ते म्हणाले. "वर दोन वैमानिक. आम्हाला तेरा सापडलेत. तेरावी बाई आहे. तुम्ही सगळ्यांना जवळून पाहिलंत, बघा ओळखता का."

त्यांनी चादर बाजूला केली. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. हनुवटीवर जुनी खूण होती, लहानपणी झोक्यावरून पडल्याची. झोका मीच दिला होता.

"ओळखत नाही," मी म्हणालो.

"यादीत एक नाव खोडलंय."

"माझी बहीण. घरी आहे ती."

साहेबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "तरी उद्या तुमच्या आईंना घेऊन या. नुसतं बघून जातील."

घरी आलो. आई मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. बारकी टेबलाशी उभी राहून नर्सच्या पोशाखाला इस्त्री करत होती.

कुठे जातो, का जातो, मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"ओळखत नाही म्हणालास ना?" तिनं मान वर न करता विचारलं.

मी अंगणाकडचं दार लोटून घेतलं.

"बरं केलंस." तिनं बाही उलटवली. "आता आईलाही नीट समजावून ठेव. तिला खोटं बोलता येत नाही."