लाल पट्टीची गाठ

गुरुवार, एकोणीस तारीख. रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं. गल्लीच्या टोकाचा शेवटचा बंगला, मागच्या अंगणात लाकडी फळ्यांचा ओटा आणि त्या ओट्यात बसवलेला सहा माणसांचा गरम पाण्याचा टब. वायरमन पिशवी घेऊन तिथे पोचला तेव्हा वारा नव्हता, कुत्रंही भुंकत नव्हतं. काम साधं होतं. टबाचा ब्रेकर रोज रात्री पडत होता, वीज तुटत होती. तो का पडतो ते शोधायचं आणि घरी जायचं.

तुम्ही पोरं बातमीत एक शब्द सर्रास लिहिता. निष्काळजीपणा. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू. अधिकारी सांगतो, आपण छापतो, फाईल मिटते. मेलेला माणूस खुलासा पाठवत नाही, हे त्यात सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. म्हणून ही गोष्ट ऐका. वायरमन अजून हयात आहे. खोटं वाटलं तर उद्या चला, त्याच्या उजव्या हाताची बोटं बघा.

त्या रात्रीच्या वर्षभर आधी, याच टबापाशी त्याचा जोडीदार गेला होता. बारा वर्षं दोघांनी एकाच पिशवीत हात घालून काम केलं. जोडीदाराला सगळे गाठ्या म्हणायचे. काम सुरू करायच्या आधी तो मेन स्विच खाली ओढून वीज बंद करायचा आणि मेनच्या दांडीला लाल कापडाची पट्टी बांधायचा. दोघांचा नियमच होता तो. पट्टी दिसली की आत माणूस आहे. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, बाप आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. गाठ्याची गाठ दुहेरी, टोकं आत खोचलेली. ती सुटायची फक्त त्याच्याच हातानं.

"अरे, मेन बांधतोयस की बैल?" वायरमन चिडवायचा.

"बैल परवडला," गाठ्या म्हणायचा. "लाथ मारायच्या आधी बघतो तरी."

असा माणूस निष्काळजीपणानं मेला, असं सरकारी कागदावर लिहिलं गेलं.

खरं काय घडलं, ते वायरमन आणि बंगल्याचा मालक या दोघांनाच माहीत होतं. टबामागे जमिनीलगत एक पेटी होती. तिच्यात एक ब्रेकर असा असतो, की तारेतून गेलेला करंट परत आला नाही, कुठे पाण्यातून, अंगातून गळला, तर पापणी लवायच्या आत तो लाईन तोडतो. माणूस वाचवणं हेच त्याचं काम. जुना हीटर गळका झाला म्हणून तो ब्रेकर सारखा पडायचा. बंगला वकीलसाहेबांचा. पाहुणे त्यांचे, टब त्यांचा, आणि रात्री-बेरात्री फोन वायरमनला. शेवटी कंटाळून वायरमननं ब्रेकरला वळसा घालून एक तार जोडली. आठ दिवसांपुरती. नवा हीटर आला की काढू. या धंद्यात आठ दिवसांपुरतं लावलेलं कायमचं राहतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गाठ्याला सांगायचं त्यानं मनात ठेवलं होतं. ते राहून गेलं.

नवा हीटर बसवायला गाठ्या एकटाच गेला. मेन खाली केला, पट्टी बांधली. एक हात पेटीत, दुसरा कोपरापर्यंत पाण्यात. आणि कुणीतरी पट्टी काढून मेन वर केला. ब्रेकर पडला नाही. पडणार कसा?

वकीलसाहेबांनी पोलिसांच्या आधी वायरमनला बोलावलं. म्हणाले, "तार तुझी आहे. ती इथे सापडली तर आत तू जाशील. आणि तुला सोडवायला वकील कोण मिळतो ते मी बघेन." वायरमननं जोडीदाराच्या अंगावरून हात लांबवून ती तार काढली. मग साहेबांनी लिहून दिलेल्या कागदावर सही केली. त्यात लिहिलं होतं: ब्रेकर चालू स्थितीत होता. मेनला कसलीही खूण बांधलेली नव्हती. पट्टीचं काय झालं ते त्यानं विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी गाठ्याची बायको त्याच्या दारात आली. रडली नाही. एवढंच विचारलं, "भावजी, पट्टी बांधल्याशिवाय ते कधी कामाला हात लावायचे का हो?"

वायरमननं मान खाली घातली. "विसरला असेल, वहिनी."

ती उंबऱ्यावरूनच परत फिरली. पुन्हा कधी आली नाही. त्या दिवसापासून वायरमननं स्वतःची पट्टीही पिशवीतून काढून टाकली. 

चौकशी वर्षभर रखडली. आठ तारखेला फाईल मिटली, त्याच एका शब्दाचा शिक्का मारून. आणि आठ तारखेच्या रात्रीपासून, गाठ्या गेला त्याच वेळेला, अकरा चाळीसला, टबाचा ब्रेकर पडायला लागला. रोज. मिनिटाचाही फरक नाही.

तर आता त्या रात्रीकडे या.

वकीलसाहेब आत बोर्डापाशी उभे होते, स्वयंपाकघराच्या बाजूच्या बोळात. वायरमन बाहेर पेटीपाशी गुडघ्यावर. मध्ये एक उघडी खिडकी. तो सांगेल तसा टबाचा मेन वर-खाली करायचा, एवढंच साहेबांचं काम. घरातले दिवे वेगळ्या लाईनवर होते, ते जळतच होते.

"उद्या माझ्याकडे न्यायाधीश येतायत पोहायला," साहेब खिडकीतून म्हणाले.

"यात पोहता येत नाही साहेब. बसता येतं."

"तू तुझं काम बघ."

वायरमननं काम बघितलं. दोष शोधायची रीत ठरलेली असते. एकेक गोष्ट सोडवत जायची. जी सोडवल्यावर ब्रेकर टिकला, तीच चोर. आधी हीटरच्या तारा सोडल्या. "करा वर." मग पंप सोडला. मग बुडबुड्यांचा ब्लोअर. मग पाण्यातले दिवे. प्रत्येक वेळी मेन वर, ब्रेकर ठीक. हीटर ठणठणीत, पंप कोरडा, एकाही तारेचं आवरण सोललेलं नाही. साडेअकराला त्यानं सगळंच सोडलेलं होतं. टब म्हणजे नुसतं पाण्याचं भांडं उरलं होतं. पेटीत आलेल्या तारेच्या पुढे काही नव्हतं.

अकरा चाळीस. टक.

ब्रेकर पडला.

"काय रे?" खिडकीतून आवाज आला.

"ब्रेकरच खराब दिसतोय." त्यानं पिशवीतून कोरा ब्रेकर काढला. मेन खाली करायला लावला, नवा बसवला. "करा वर."

टक.

त्यानं तारेभोवती मीटरचा चिमटा लावला आणि ब्रेकर बोटानं दाबून धरला. मिलिअँपचा आकडा दिसला, तीसला ब्रेकर पडतो. एकतीस. तारेच्या टोकाला काही जोडलेलं नाही, आणि करंट जातोय. एकतीस... शून्य. एकतीस... शून्य. एका लयीत. छातीवर हात ठेवल्यावर लागते तशी लय.

"कुठे जातोय करंट?" साहेबांनी विचारलं.

"जमिनीत."

"कशातून?"

वायरमननं चिमटा काढून घेतला. त्याच्या पाठीमागे टबाचं पाणी हललं. काठावरून थोडं सांडलं आणि फळ्यांच्या फटींतून खाली टपकत राहिलं. कुणी आत हात घातला की सांडतं... तेवढंच. त्यानं वळून बघितलं. टबात कुणी नव्हतं. पाण्याची पातळी मात्र चार बोटं वर होती.

"साहेब, हे काम माझ्याच्यानं होणार नाही."

"होईल. ती तार लाव. मागच्यासारखी."

"नाही."

"उद्यापुरती लाव रे. परवा काढ." आवाज अगदी मऊ झाला होता. साहेब मऊ बोलायचे तेव्हाच माणसानं घाबरायचं. "हे बघ, त्या कागदावर सही तुझी आहे, माझी नाही. मी बुडालो तर तुला पायाखाली घेऊनच बुडेन. मुलीचं लग्न ठरलंय ना तुझ्या?"

वायरमननं मीटर बाजूला ठेवला. पिशवीत हात घातला. एक हात लांबीची तार कापली, दोन्ही टोकं सोलली. वर्षभरापूर्वी कापली होती तेवढीच. हात मोजायला विसरत नाहीत.

हेच ते. माणूस इथे पडतो. पुढचं सगळं नुसतं पडत राहणं असतं.

"मेन खाली करा," तो म्हणाला.

"खालीच आहे. तूच तर बांधून गेलास."

"काय?"

"पट्टी. लाल. मगाशी खाली केला तेव्हा नव्हती ना... आत येऊन कधी बांधलीस? पायाचा आवाजही नाही आला."

सोललेली तार वायरमनच्या बोटांत होती. दोन्ही हात पेटीत. तो संध्याकाळपासून त्या घरात शिरलाच नव्हता. अंगणाच्या फाटकातून आला होता.

"साहेब," त्यानं विचारलं. "गाठ कशी आहे?"

"गाठीला काय बघायचं?"

"टोकं दिसतायत?"

साहेब वाकले. मग, "नाही. आत खोचलीयेत. आणि ओली आहे ही. ओल्या हातानं बांधलीस का?"

"हात लावू नका. साहेब, ऐका. ती मी बांधलेली नाही."

"मग कुणी बांधली?"

"ज्यानं बांधली तोच सोडेल. तुम्ही बाजूला व्हा."

साहेब हसले. खण उघडल्याचा आवाज आला. कात्री काढल्याचा. "तुम्हा लोकांची ही थेरं. मागच्या वेळीही मीच काढली होती. माझं काय वाकडं झालं?"

वर्षभर जे कुणी विचारलं नव्हतं, त्याचं उत्तर असं आलं. सहज. भाजी चिरता चिरता सांगावं तसं.

कात्रीचा एक आवाज. कापड कापल्याचा.

वायरमननं हात मागे घ्यायला हवे होते. घेता आले नाहीत. कुणीतरी त्याचं उजवं मनगट धरलं होतं. मागून. ओली बोटं. टबातल्या पाण्याइतकी गरम. त्याला तो हात ओळखीचा होता. बारा वर्षं शिडीवरून पक्कड घेणारा हात... अंगठ्याला जुना भाजल्याचा व्रण.

"गाठ्या..."

पकड घट्ट झाली.

"चुकलं रे."

पकड सैल झाली नाही.

आत मेन वर गेला. टक.

पेटीत ठिणगी उडाली नाही. त्याच्या अंगातून काही गेलं नाही. घरातले दिवे एकदा मंद झाले. परत उजळले. मग त्या हातानं त्याचा हात पेटीतून बाहेर काढला, हळूच, आणि सोडून दिला. तो दयेनं सोडला नव्हता. सहीसाठी सोडला होता. मेलेला माणूस जबाब लिहू शकत नाही. जिवंत माणूस लिहू शकतो.

"साहेब?"

तो उठून उभा राहिला.

"साहेब..."

पाणी टपकायचं थांबलं होतं. पातळी जागेवर आली होती.

तो मागच्या दारानं आत गेला. वकीलसाहेब बोर्डासमोर उभे होते. उभेच. उजवा हात मेनच्या दांडीवर, डोळे उघडे. पायात रबरी चपला, खाली कोरडी फरशी. सदरा पांढराशुभ्र, इस्त्रीचा. फक्त उजवी बाही कोपरापर्यंत ओली, आणि तिच्यातून थेंब गळत होता. मेनची दांडी खाली होती. बंद. आणि मनगट व दांडी मिळून, एकाच वेढ्यात, लाल पट्टी बांधलेली होती. दुहेरी गाठ. टोकं आत.

सकाळी सात वाजता वायरमननं पोलीस ठाण्यात जाऊन चार पानी जबाब लिहिला. स्वतःची तार, स्वतःची सही, वहिनीला दिलेलं उत्तर, काही लपवलं नाही. परवाना गेला, मुलीच्या लग्नाची तारीख पुढे गेली, खटला अंगावर आला तो अजून चालू आहे. उजव्या हाताच्या बोटांना त्याला गरम-गार कळत नाही. पण गाठ्याच्या फाईलवरचा तो शब्द खोडला गेला. खोडलेला कागद घेऊन तो वहिनीकडे गेला. तिनं तो दोनदा वाचला, घडी घातली, आणि दार लावून घेतलं. त्याला आत ये म्हणाली नाही. का म्हणावं?

वकीलसाहेबांच्या मृत्यूचं कारण सापडलं नाही. बोर्ड तीनदा तपासला गेला. कुठेही गळती नव्हती. कागदावर काहीतरी लिहायला हवं, म्हणून अधिकाऱ्यानं लिहिलं: मयताचा निष्काळजीपणा.

आता एवढंच उरतं. पंचनाम्यात पाच जणांच्या सह्यांनिशी नोंद आहे. मनगट सोडवण्यासाठी पट्टी कात्रीनं कापली, दोन तुकडे झाले, ते पाकिटात घालून लाखेनं सील केले. सात महिन्यांनी न्यायालयात ते पाकीट सगळ्यांसमोर उघडलं. सील शाबूत होतं. आत पट्टी एकच निघाली, अखंड, गाठ मारलेली. आणि कारकुनानं ती उचलली तेव्हा टेबलावरचे कागद भिजले.